रात्रपाळीची झोप आणि चरकाची यादी

सकाळी सातच्या सुमारास सातिवलीच्या रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसं समोरासमोर येतात. एक आंघोळ करून, भरलेला डबा पिशवीत घालून गाळ्याकडे निघालेली. दुसरी रिकामा डबा घेऊन बाहेर पडणारी, उन्हाकडे बघताना डोळे बारीक करणारी. वसई पूर्वेला महामार्गाला लागून गोखिवरे, वालीव, सातिवली, कामण असा जो कारखान्यांचा पट्टा आहे, तिथे ही रोजची गोष्ट आहे. पलीकडे तुंगारेश्वरच्या डोंगरावर ऊन चढत असतं, आणि या दुसऱ्या माणसांची रात्र तेव्हा कुठे सुरू व्हायची असते.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अशाच एका प्लास्टिक मोल्डिंगच्या गाळ्यात अनेक वर्षं आलटून-पालटून नाईट करतात. झोपेवरचं एक आयुर्वेदाचं व्याख्यान ऐकून आल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘‘ब्राह्ममुहूर्तावर उठा, रात्री दहाच्या आत झोपा, दुपारी झोपू नका. यात माझ्यासाठी काय आहे?’’ प्रश्नात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मला तेव्हा ते देता आलं नाही. म्हणून मूळ ग्रंथ पुन्हा उघडले, आणि जे सापडलं ते व्याख्यानात सांगितलं गेलं होतं त्याहून बरंच मोठं निघालं.

ब्राह्ममुहूर्ताचा नियम वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायाच्या आरंभीच आहे. पण तिथे ‘स्वस्थ’ हा शब्द आहे. जो निरोगी आहे, ज्याची रात्र पुरी झाली आहे, त्याने पहाटे उठावं. रात्रभर साच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला तो नियम लावणं ही वाग्भटाची आज्ञा मुळीच नव्हे.

झोपेविषयी चरकसंहितेतलं सविस्तर विवेचन सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. अध्याय मुख्यतः अतिस्थूल आणि अतिकृश माणसांचा; झोप त्यात ओघाने येते, कारण अंग भरणं आणि झडणं दोन्ही झोपेशी बांधलेलं आहे असं चरकाचं मत. तिथे झोप नाहीशी होण्याची पाच कारणं दिली आहेत : कार्य, काळ, विकार, प्रकृती आणि वायू. पहिला शब्द कार्य, म्हणजे माणूस ज्यात गुंतला आहे ते काम. श्लोकात शब्द छंदासाठीही मागेपुढे होतात, त्यामुळे क्रमावर मी फार भार देत नाही. पण काम हे निद्रानाशाचं स्वतंत्र कारण म्हणून या यादीत आहे, एवढं निर्विवाद. आजच्या झोपेच्या सल्ल्यांत वायू आहे, प्रकृती आहे, क्वचित विकारही आहे. कामाचं नाव कुणी काढत नाही.

उपायांच्या यादीचंही तसंच झालं आहे. उडालेली झोप परत आणण्यासाठी चरक अभ्यंग सांगतो, उटणं सांगतो, स्नान, दहीभात, दूध, तूप-तेल, मांसरस, मद्यही सांगतो. (मद्याच्या बाबतीत मी आजच्या वैद्यकाचं ऐकेन. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते.) पुढे अंग चेपून घेणं, मनाला रुचणारे वास आणि आवाज, चांगलं अंथरूण, सुखाचं घर आणि योग्य वेळ. आपण या यादीचा पहिला अर्धा भाग उचलला. तेलाच्या बाटल्या आल्या, चूर्णांचे डबे आले. अंथरूण, घर आणि वेळ मात्र तशीच मागे राहिली. माझं म्हणणं एवढंच, की सातिवलीसारख्या गावात आयुर्वेदाने झोप सुधारायची असेल तर यादी शेवटापर्यंत वाचली पाहिजे.

आधी घर घेऊ. रात्रपाळीचा माणूस झोपतो कुठे? बहुतेक वेळा दहा बाय बाराच्या खोलीत, वर पत्रा, आणि त्याच खोलीत मुलांची शाळेची तयारी, गॅस, मोबाइल. चैत्र-वैशाखात अकरा वाजता पत्रा तापतो आणि झोप तिथेच संपते. बाहेर कटरचा आवाज, टेम्पोचा हॉर्न. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि औद्योगिक भागात ७०. डेसिबलची मोजणी साधी बेरजेची नसते. ४५ आणि ७० यांत आवाजाच्या ऊर्जेचा फरक तीनशे पटींहून जास्त आहे. जिथे गाळे आणि चाळी एकमेकांना चिकटून उभ्या आहेत तिथे माणसाचा कान कोणत्या रकान्यात धरायचा? शिवाय कायद्याची रात्र सहाला संपते. ज्याची रात्र सकाळी आठला सुरू होते त्याला त्या नियमांत स्वतःचं असं काहीच संरक्षण नाही.

आता वेळ. इथे मला सगळ्यात जास्त दिलासा मिळाला. दिवसा झोपणं ग्रीष्म सोडून इतर ऋतूंत चरकाला पसंत नाही, हे खरं. ते कफ-पित्त वाढवतं, असं तो म्हणतो. पण त्याआधीच तो ज्यांना दिवसाची झोप हितकर आहे अशांची लांबलचक यादी देतो, आणि त्या यादीत कष्टाने, ओझं वाहून, चालून थकलेले आहेत, म्हातारी माणसं आणि मुलं आहेत, प्रवासाने आणि जागरणाने दमलेलेही आहेत. प्रवास आणि जागरण! वसईच्या माणसाचं याहून नेमकं वर्णन आजचा लेखकही करणार नाही. वाग्भट तर मापच देतो : रात्री सवयीबाहेर जितका काळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपा, आणि जेवणाआधी झोपा.

म्हणजे अकरा ते सातची पाळी केलेल्याने सकाळी निदान चार तास सलग झोप घ्यावी, आणि ती भरपेट खाऊन नव्हे. आपल्याकडे घडतं उलटं. पाळी सुटल्यावर नाक्यावर वडापाव, दोन चहा, घरी येऊन आणखी काही, मग बँकेचं काम, मुलाची शाळा, आणि दुपारी जेवून एकला अंग टाकायचं. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. त्या गृहस्थांना मी शेवटी सांगितलं ते असं : पहाटे तीननंतर चहा नको. घरी येताना डोळ्यांवर काळा चष्मा किंवा निदान टोपी, कारण सकाळचं ऊन मेंदूला दिवस झाल्याची वर्दी देतं. आंघोळ करा, भूक असह्य असेल तर वाटीभर पेज घ्या (ही पेज माझी, वाग्भटाची नव्हे), खिडकीला जाड काळं कापड लावा, आणि आठ-साडेआठला आडवे व्हा. उरलेली झोप संध्याकाळी पाळीआधी तास-दीड तास. सुट्टीच्या दिवशीही सकाळच्या त्या चार तासांतले काही तास अंथरुणातच जावेत, म्हणजे शरीराला एक तरी खुंटी राहते.

त्यात पादाभ्यंग जरूर धरावा. तळपायाला तेल चोळल्याने पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा आणि बधिरपणा जातो, असं चरकाने लिहिलं आहे. डोक्याला तेल लावल्याने सुखाने झोप लागते, असंही. आपल्या घरांत काशाच्या वाटीने तळपायाला तूप घासायची रीत त्याच वाटेवरची. याला मोठ्या, चोख चाचण्यांचा आधार अजून तोकडा आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण एक धागा जुळतो. बाझेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं होतं की हातापायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावून पाय ऊबदार झाले की झोप लवकर लागते, शरीराच्या आतली उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. आठ तास बुटात, सिमेंटच्या लादीवर उभ्या राहिलेल्या पायांना दहा मिनिटं कुणी हात लावला तर काय होतं, हे मात्र संशोधनाआधीही घरातल्या बायकांना ठाऊक होतं. तेल कोणतं याला फारसं महत्त्व नाही. तिळाचं असेल तर उत्तम, खोबऱ्याचंही चालेल.

बसल्या बसल्या डुलकी घेण्याचीही चरकाने नोंद केली आहे. रात्रीचं जागरण रूक्षता आणतं, दिवसाची झोप स्निग्धता. बसून घेतलेली पेंग या दोहोंच्या मधली, फारसा अपाय न करणारी. विरार-चर्चगेट या सुमारे साठ किलोमीटरच्या लोकलमध्ये खिडकीला डोकं टेकून जे पेंगतात, त्यांना लाज वाटण्याचं कारण नाही. मात्र ही पेंग रात्रीच्या झोपेची जागा घेऊ शकत नाही.

चूर्णांविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत. अश्वगंधा आजकाल किराणा दुकानातही मिळते आणि विचारपूस न करता घेतली जाते. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. थायरॉइडची किंवा झोपेची औषधं चालू असलेल्यांनी, गर्भवतींनी ती आपल्या मनाने घेऊ नये. आणि जो जोरात घोरतो, झोपेत ज्याचा श्वास अडकतो, जो पुरेसा झोपूनही दिवसभर पेंगतो, त्याने तेलापाशी थांबू नये, छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. महिनोन्महिने झोप येत नसेल तर झोपेच्या सवयी आणि चिंता यांवर काम करणारी वर्तनोपचार पद्धती आज पहिला उपाय मानली जाते, गोळी नंतर. चरकाच्या कारणांत विकारही आहे. तो ओळखणं हाही आयुर्वेदच.

पण हे सगळं करूनही एक गोष्ट उरते, आणि तीच मला अधिक बोचते. माणसाने पडदा लावला, चहा सोडला, पायाला तेल लावलं, आणि पुढच्या सोमवारी त्याची पाळी बदलली. महिनाभर हे चक्र. चरक सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगतो की अहितकर सवयही एकदम सोडू नये, चतुर्थांशाने, पायरीपायरीने सोडावी, कारण शरीर सवयीवर चालतं. मग चांगली-वाईट कशीही असो, झोपेची वेळ एका रात्रीत आठ तास फिरवणं कोणत्या शास्त्रात बसतं? आधुनिक शास्त्रातही बसत नाही. शरीराच्या आतलं घड्याळ कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला ‘बहुधा कर्ककारक’ गटात २००७ मध्ये टाकलं आणि २०१९ मध्ये ते मत कायम ठेवलं.

कारखानदारांची अडचण खरी आहे. मोल्डिंगचं यंत्र बंद केलं की बॅरलमधलं प्लास्टिक गार होतं, पुन्हा तापवायला वेळ जातो, माल वाया जातो. कर्जाचे हप्ते रात्रीही थांबत नाहीत. रात्रपाळी बंद करा असं मी म्हणत नाही. पण पाळी फिरवायचीच तर सकाळ, दुपार, रात्र या सुलट क्रमाने फिरवावी, शरीराला पुढे सरकणं मागे सरकण्यापेक्षा सोपं जातं. सलग रात्रींना मर्यादा असावी. बारा तासांची नाईट कुणालाही लावू नये. आणि मधल्या सुट्टीत वीस मिनिटं आडवं होता येईल अशी एक अंधारी, पंखा असलेली जागा प्रत्येक इमारतीत असावी; एका गाळ्याला परवडत नसेल तर दहा गाळ्यांनी मिळून करावी.

विश्रांतीचा प्रश्न आपल्याकडे वैद्यकाच्या पुस्तकांत नव्हे, तर कामगारांच्या सभेत सुटला आहे. १८८० मध्ये अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादित केलेलं अष्टांगहृदय मुंबईत छापलं गेलं. चारच वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणून मागण्या मांडल्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. कामाला सूर्याची मर्यादा घालणारी ती मागणी मला दिनचर्येच्या अध्यायाचाच भाग वाटते, फक्त ती वैद्याऐवजी एका कामगार पुढाऱ्याने सांगितली. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, असं त्यावर सांगितलं जातं. शरीर आठवड्याचा हिशेब ठेवत नाही. ते रात्रीचा ठेवतं. हा बदल चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा बदलायला वेळ लागेल. मधल्या काळात सातिवली, वालीव, गोखिवऱ्यात राहणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. आपल्या मजल्यावर, आपल्या चाळीत रात्रपाळीला जाणारं कुणी असेल तर त्याच्या दारावर एक छोटी पाटी लावू द्या, आणि सकाळी आठ ते बारा त्या भिंतीपलीकडे ड्रिल, मिक्सर आणि मोठ्याने लावलेला टीव्ही थांबवा. मुलांना खेळायला खाली पाठवा. तो माणूस तेव्हा झोपलेला असतो.