न मागितलेलं पुस्तक

हे सावकाश वाचा. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा.

तुमच्या ओळखीचं एखादं सार्वजनिक वाचनालय मनात आणा. ठाण्याचं 1893 सालचं मराठी ग्रंथ संग्रहालय असेल, 1848 पासूनचं पुण्याचं नगर वाचन मंदिर असेल, नाहीतर तालुक्याच्या गावी माडीवरचं दोन खोल्यांचं. चपला बाहेर काढायची पद्धत असेल तर काढा आणि आत या.

सकाळ आहे. मुक्तद्वार विभागात वर्तमानपत्रांभोवती पाच-सहा निवृत्त माणसं बसली आहेत. इथे वर्गणी लागत नाही, नावही कुणी विचारत नाही. एकाच अंकाची पानं सुटी करून वाटून घेतली आहेत. क्रीडापान ज्याच्याकडे आहे तो ते लवकर सोडणार नाही. यातल्या बहुतेकांच्या खिशात फोन आहे आणि या बातम्या त्यावर रात्रीच येऊन गेल्या आहेत. तरी ही माणसं जिना चढून आली आहेत. कशासाठी? ‘सवय’ हे उत्तर चटकन सुचेल. ते जरा बाजूला ठेवा आणि प्रश्न तसाच राहू द्या.

देवघेवीच्या खिडकीपाशी फारसं थांबायला नको. गर्दी ओसरली आहे, हे दिसतंच. दिवाळी अंक आले की ती थोडे दिवस परत येते.

आता अभ्यासिका. इथे मात्र एक खुर्ची रिकामी नाही. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली, प्रत्येकापुढे स्वतःचीच पुस्तकं, पाण्याची बाटली, कानात इअरफोन. वाचनालयाच्या कपाटातलं एकही पुस्तक कुणी काढलेलं नाही. जुन्या सभासदांना याचा राग येतो. तुम्हालाही थोडा येत असेल तर तो दाबू नका, नीट बघा. मग यातल्या एकीचं घर डोळ्यांपुढे आणा: दोन खोल्या, पाच माणसं, चालू टीव्ही. व्याख्यान तिला फोनवर फुकट मिळतं, नोट्स मिळतात, जुन्या प्रश्नपत्रिकाही मिळतात. टेबल मिळत नाही. पुण्याच्या पेठांमध्ये खाजगी अभ्यासिकेत अशा टेबलासाठी दरमहा पैसे मोजावे लागतात. फोनने पुस्तक घरपोच आणलं आणि वाचायची जागा तेवढी आणता आली नाही. ती वाचनालय देतं आहे. मला यात कमीपणा वाटत नाही.

पण मग ते निव्वळ सभागृह झालं तर चालेल का? इथे थोडा जास्त वेळ रेंगाळू या.

शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. या नियमात फोनने आपल्या ग्रंथालयांना केव्हाच मागे टाकलं आहे, हे मोकळेपणाने मान्य करू. दाखल क्रमांक शोधा, चिठ्ठी द्या, शिपाई येईपर्यंत थांबा, हे आता कुणाला सांगायचं? त्याच्या आधीचा नियम मात्र विलक्षण आहे. त्यात रंगनाथन वाचकाच्या बाजूने बोलतच नाहीत, पुस्तकाच्या बाजूने बोलतात. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे.

हे वाक्य मनात दोनदा फिरवा.

फोन मागितलेलं देतो. न मागताही सुचवतो, पण तुमच्यासारख्या इतरांनी जे घेतलं, त्यातलंच. वीस वर्षांत ज्याला कुणी हात लावला नाही, त्या पुस्तकाची बाजू तो घेणार नाही. कपाट घेतं. म्हणजे मुद्दाम काही करत नाही. तुम्ही प्रवासवर्णन शोधायला वाकता आणि शेजारचं, ज्याचं नावही ऐकलं नव्हतं, असं पुस्तक हाती येतं.

तसं एक मनातल्या मनात काढा. सत्तरच्या दशकातलं असू दे. पानं तांबूस झालेली, कडेला कसरीने खाल्लेली. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्के दाट होते, मग विरळ झाले, मग थांबले. आता हे पुस्तक आणखी कुठे मिळेल, याचा विचार करा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ आज कुणीही इंटरनेटवर ठेवू शकतो. आजच्या लोकप्रिय लेखकाचं ई-बुक निघतं. शंभर वर्षांपूर्वीचं दुर्मीळ पुस्तक कुणीतरी हौसेने स्कॅन करतं. मधलं राहतं. प्रकाशन बंद पडलेलं, वारस कुठे आहेत ते माहीत नाही, नवी आवृत्ती निघण्याची शक्यता नाही, आणि हक्क मात्र अजून जिवंत. अशा कितीतरी मराठी पुस्तकांचा पत्ता आज वाचनालयाचं कपाट एवढाच आहे.

आणि नेमकं तेच कपाट अडचणीचं झालं आहे.

म्हणून शेवटी स्वतःला कार्यकारिणीच्या बैठकीत बसवा. चहा आला आहे. विषयपत्रिकेवर दोन ओळी आहेत: अभ्यासिकेसाठी प्रतीक्षायादी वाढली आहे, आणि न वाचल्या जाणाऱ्या जुन्या पुस्तकांचं निर्लेखन करायचं आहे, म्हणजे ती नोंदीतून कमी करून काढून टाकायची आहेत. भिंतीलगतची चार कपाटं हलली तर बारा खुर्च्या बसतील. अभ्यासिकेतल्या त्या मुलीसारखीच एक मुलगी प्रतीक्षायादीत आहे. तुम्ही आत्ता हातात घेतलेलं पुस्तक त्या चार कपाटांपैकी एकात आहे. अनुदान दोन्हींना पुरणार नाही. स्कॅन करू म्हणावं, तर यंत्र नाही, माणूस नाही, हक्काचा प्रश्न आहेच.

घाईने हात वर करू नका. मुलीच्या बाजूने पूर्ण विचार करा, मग पुस्तकाच्या बाजूने, मग पुन्हा मुलीच्या. माझं मत तिच्याकडे झुकतं. पण निर्लेखनाची यादी वाचून दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही. एकेक नाव, मोठ्याने. बैठक लांबेल, सदस्य कंटाळतील. लांबू द्या.