मुलामागे किती?

यवतमाळात शाळा भरायच्या वेळेला कुठल्याही फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहा. ऑटो थांबतो आणि पोरे उतरतच राहतात. दोन चालकाच्या दोन्ही बाजूंना, तीन-चार त्याच्या पाठीमागे ठोकलेल्या फळीवर, बाकीची एकमेकांच्या मांडीवर. दप्तरे बाहेर हुकाला. व्हॅन असली तर गॅसच्या टाकीवरच आणखी एक रांग. शिक्षकांना हे दिसते, चौकातल्या पोलिसाला दिसते. हात धरून पोराला त्यात बसवणाऱ्या आईबापांना तर रोज दिसते.

अपघात झाला की आपण चालकाला धरतो. त्याची चूक असतेच. पण त्याचा हिशेब आपणच घालून दिलेला आहे. मुलामागे महिन्याला इतके, असा भाव ठरतो. नियमात बसतील तेवढ्याच मुलांच्या पैशांत पेट्रोल, विमा आणि गाडीचा हप्ता निघत नाही. त्याच्या घरची चूल पेटते ती त्यावर कोंबलेल्या मुलांवर. त्याने शंभर रुपये वाढवून मागितले की आपण दुसरा ऑटो शोधतो.

शाळा म्हणते, ती पालकांची खासगी सोय. तेही खरे नाही. राज्याच्या स्कूल बस नियमावलीने 2011 सालीच प्रत्येक शाळेला परिवहन समिती नेमायला सांगितले आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालक, पोलीस आणि परिवहन खात्याची माणसे. गाडीची आणि चालकाची कागदपत्रे तपासायची, थांबे ठरवायचे, भाड्याचेही पाहायचे, हे तिचे काम. म्हणजे भाव ठरवायला नियमाने टेबल दिले, आणि आपण तो रस्त्यावर घासाघीस करून ठरवतो. फीच्या पावतीवरून भांडणारे पालक पुष्कळ आहेत. या समितीचे इतिवृत्त मागणारा विरळाच. असे नियम काही हौसेने झालेले नाहीत. 18 नोव्हेंबर 1997 ला दिल्लीत वजीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळून 28 मुले गेली, तेव्हा कुठे सर्वोच्च न्यायालयाने स्कूल बसचे निर्देश दिले.

आपल्या जिल्ह्यात पुलांचे भय आणखी वेगळे. 28 सप्टेंबर 2021 ला उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून पाणी वाहत असताना नागपूरकडे निघालेली एसटी त्यात घातली गेली आणि वाहून गेली. माणसे दगावली. ती महामंडळाची गाडी, शिकलेला चालक. मग खेपेवर जगणाऱ्या व्हॅनवाल्याने पुलाआधी थांबावे ते कशाच्या बळावर? मागे फिरला तर पैसे कापणार, वर ‘पोरांचा पेपर बुडवला’ हे ऐकून घेणार. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, नाल्यांना पाणी यायच्या तोंडावर. त्या पहिल्याच पालकसभेत लेखी ठरवा: पुलावर पाणी असेल तर गाडी परत फिरेल, त्या दिवसाचे भाडे कापले जाणार नाही, मुलांची गैरहजेरी लागणार नाही.

कपाशीच्या भावाने आधीच मोडलेल्या बापाने वाढीव भाडे आणायचे कुठून, हा प्रश्न खरा आहे. तो मुलाला ऑटोत कोंबून सुटत नाही. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी बसमधून मुली फुकट शाळेत जातात. त्याच गावचे मुलगे काळीपिवळीच्या मागे लोंबकळतात. तेव्हा ग्रामसभेत सभामंडपाच्या आधी शाळेच्या वेळेच्या एसटीचा ठराव घ्या, आणि आगार व्यवस्थापकाकडून त्याची पोच घेऊन या.