कुऱ्हाडीचे पाणी

सज्जनहो, गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी संसाराला अश्वत्थाची उपमा दिली आणि तो छेदावयास असंगाचे शस्त्र सांगितले. असंग म्हणजे लळा सुटणे. पण नवल पाहा, झाड तोडणारी जी कुऱ्हाड, तिचाच लळा लागलेली माणसे या जगात आहेत!

आमच्या एका नित्याच्या श्रोत्याचा मुलगा अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात नोकरीस असतो. त्याला जुन्या कुऱ्हाडी जमवून दुरुस्त करण्याचा छंद. तिकडे कॉलिन्सव्हिल गावी नदीकाठी १८२६ साली कुऱ्हाडींचा मोठा कारखाना निघाला. तो १९६६ साली बंद पडला. तेथला माल आता जुन्या बाजारात गंजून पडलेला मिळतो. मुलगा कार्तिकीस आला तेव्हा आम्ही विचारले, "बाळ, त्या गंजक्या लोखंडात तुला काय सापडते रे?"

तो म्हणाला, "महाराज, जुन्या कित्येक कुऱ्हाडींचे अंग मऊ लोखंडाचे, धारेपुरते पोलाद भट्टीत तापवून जोडलेले. रात्रभर शिरक्यात भिजवून घासले की गंज निघतो. मग हिकरीच्या लाकडाचा नवा दांडा घालायचा, पाचर मारायची, जवसाचे तेल चोळायचे."

"आणि धार?"

"ती हाताने, कानशीने. विजेच्या चाकावर घाईने धरली तर कड तापून निळी पडते आणि पोलादाचे पाणी उतरते. शंभर वर्षांच्या गंजाने जे गेले नाही, ते क्षणात जाते."

हे ऐकून आम्ही मान खाली घातली. आमच्या वडिलांची कुऱ्हाड आम्ही अशीच एका दुकानी चाकावर धरवली होती. कड निळी झालेली पाहिली, पण चकाकीवर भुललो. बाभळीवर पहिलाच घाव घातला आणि धार वळली! तेव्हापासून ती माळ्यावर आहे.

माउलींनो, गंज बाहेरचा, पाणी आतले. व्यसनातून परतलेला मुलगा दारात उभा राहतो, तेव्हा आपण त्याला शब्दांच्या चाकावर धरतो. गंज काढायला जातो आणि पाणीच उतरवून बसतो. तेथे कानस हवी, हात सावकाश हवा.

असो. मग आम्ही त्या मुलाला विचारले, "कुऱ्हाडी किती जमल्या?" "सत्तावीस." "आणि झाडे किती तोडलीस?" तो हसला, पण उत्तर दिले नाही. जे शस्त्र लळा तोडायचे, तेच भिंतीवर टांगून त्याचा लळा लावून घ्यायचा, ही आपलीही गत. पोथ्या जमतात, माळा जमतात. धार कोणी पाहत नाही.

पुढे त्याचे पत्र आले. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने काही राने अशी राखली आहेत, की तेथे यंत्राची करवत सहसा चालवू देत नाहीत. वाटेत पडलेली झाडे हातकरवतीने, कुऱ्हाडीने तोडावी लागतात. ते काम करणाऱ्या मंडळींना त्याने पंचवीस कुऱ्हाडी देऊन टाकल्या. लिहितो, "महाराज, भिंत मोकळी झाली, तसा मीही झालो."

आम्हीही वडिलांची कुऱ्हाड माळ्यावरून उतरविली आहे. उतरलेले पाणी जाणता लोहार पुन्हा देऊ शकतो. माणसाला ते संत देतात. मात्र त्यांच्या भट्टीपर्यंत आपल्या पायांनी जावे लागते.

रामकृष्णहरि.