सिंहाचे चित्र कोणी काढले?

'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत बाथची ॲलिसन प्रथम भेटते, तेव्हा जेफ्री चॉसर पहिल्या दोन ओळींतच सांगून टाकतो की बाईला कमी ऐकू येते. मग तिचे लालभडक मोजे येतात, ढालीएवढी हॅट येते, फटी असलेले दात येतात, एकामागून एक केलेले पाच नवरे आणि जेरुसलेमच्या तीन यात्रा येतात. वाचणारा हसत पुढे जातो. तो बहिरेपणा कुठून आला, हे कळायला मात्र बरीच पाने उलटावी लागतात. मध्ययुगीन इंग्रजी कवितेतला उपहास आणि त्यातली स्त्री समजून घ्यायची, तर या दोन जागा एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

हे काव्य चॉसरने 1387च्या सुमारास हाती घेतले आणि 1400मध्ये तो वारला तेव्हा ते अपुरेच होते. समाजातला एकेक थर समोर उभा करायचा आणि त्याच्या दोषांवर बोट ठेवायचे, ही उपहासाची रीत त्याच्या आधीपासून युरोपभर रुळलेली होती. शिकारीचा नाद लागलेला मठवासी, मापात मारणारा गिरणीवाला, क्षमापत्रे विकून पैसा करणारा लबाड, असे सगळे तिच्या तडाख्यात सापडत. पुरुषाला झोडपायचे ते त्याच्या धंद्यावरून. मठवासी व्रत मोडतो म्हणून तो दोषी. व्रत पाळणारा दुसरा मठवासी असू शकतो, हे त्यात गृहीत असते. बाईची गोष्ट वेगळी. तिची मोजदाद कुमारिका, विवाहिता आणि विधवा अशी नवऱ्याच्या हिशेबाने व्हायची आणि तिचा दोष म्हणजे तिचा स्वभावच मानला जायचा. ॲलिसन कापडाच्या कामात ईप्र आणि गेंट इथल्या नावाजलेल्या विणकरांनाही मागे टाकते, हे चॉसर सांगतो खरे. पण ते दोन ओळींत उरकते. तिच्या नवऱ्यांची कहाणी शेकडो ओळी चालते.

या उपहासाला लागणारा माल पिढ्यान् पिढ्या साठवलेला होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने जोव्हिनियनचे खंडन करताना विवाहापेक्षा ब्रह्मचर्य श्रेष्ठ ठरवले आणि शहाण्याने लग्न का करू नये, याबद्दलचा थिओफ्रास्टसच्या नावावरचा मजकूर त्यात घातला. बाराव्या शतकात वॉल्टर मॅपने मित्राला लग्नापासून परावृत्त करणारे पत्र लिहिले. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये जाँ द मँने 'रोमान द ला रोझ' पुरे करताना तीच वचने फ्रेंच कवितेत आणली. यातले बहुतेक लिहिणारे धर्मसंस्थेच्या छायेत शिकलेले पुरुष होते. स्त्रीबरोबर संसार न केलेल्यांनी संसारातल्या स्त्रीविषयी निकाल द्यायचा आणि पुढच्याने तो उतरवून घ्यायचा, असे शेकडो वर्षे चालले.

चॉसरने या साठ्याचे एक पुस्तक केले आणि ते ॲलिसनच्या घरात आणून ठेवले. तिचा पाचवा नवरा जँकिन ऑक्सफर्डला शिकलेला, वीस वर्षांचा, ती चाळिशीची. लग्न होताच तिने आपली जमीन आणि चीजवस्तू त्याच्या हवाली केली आहे. रोज संध्याकाळी शेकोटीपाशी बसून तो मोठ्याने वाचतो: ईव्हमुळे मानवजात बुडाली, डेलायलाने सॅमसनचे केस कापले, झँटिपीने सॉक्रेटिसच्या डोक्यावर काय ओतले. एका रात्री तिचा संयम सुटतो. ती पुस्तकातली तीन पाने टराटरा फाडते आणि त्याच्या गालावर असा ठोसा हाणते, की तो मागच्या मागे शेकोटीत पडतो. उठून तो तिच्या डोक्यात फटका घालतो. ती निपचित पडते. त्या फटक्याने तिचा कान गेला.

प्रस्तावनेत ज्या गोष्टीवर आपण हसत होतो ती एका पुस्तकाने केलेली जखम होती, हे इथे कळते. पुस्तकात जे सुभाषित होते त्याला ॲलिसनच्या घरात हात फुटला. चॉसरच्या उपहासाचा रोख इथे बाईवरून पुस्तकाकडे वळतो आणि त्याचे मोठेपण मला याच वळणात दिसते. पुढे समेट होतो, घराचा आणि जमिनीचा ताबा तिच्याकडे परत येतो आणि ते पुस्तक जाळले जाते. त्या रात्रीची हकीकत सांगतानाच ती इसापाच्या गोष्टीतला प्रश्न विचारते: सिंहाचे चित्र कोणी काढले? माणसाने सिंहाला लोळवल्याचे चित्र माणूसच काढतो. मठांत बसून पुरुषांनी लिहिले तसे बायकांनी लिहिले असते, तर पुरुषांच्या पापांची यादी संपता संपली नसती, असे ती ठणकावते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो निम्मा खरा आहे. ॲलिसन जे बोलते त्यातले पुष्कळसे जेरोम आणि थिओफ्रास्टसच्याच तोंडचे आहे. म्हाताऱ्या नवऱ्यांना खोटेनाटे आरोप करून नमवल्याची कबुली ती स्वतःच देते. म्हणजे त्या पुस्तकातली कजाग बायकोच इथे बोलायला लागली आहे. शिवाय हा सिंहही माणसाने काढलेलाच. तिची वाणी चॉसरची आहे. तिने सांगितलेल्या गोष्टीत एक सरदार वाटेत एका मुलीवर बलात्कार करतो. त्याला वर्षाची मुदत मिळते, शहाणपण मिळते, शेवटी सुंदर बायकोही मिळते. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. ही उणीव मोठी आहे आणि चॉसरवरच्या प्रेमापोटी ती झाकू नये.

तरी चॉसरने केले ते सहज घडणारे नव्हते, हे विल्यम डनबारकडे पाहिले की ध्यानात येते. सोळाव्या शतकाच्या आरंभी या स्कॉटिश कवीने दोन विवाहिता आणि एक विधवा यांचे बोलणे लिहिले. बायका मोकळेपणाने बोलतात, पण कवी झुडपाआड लपून ऐकतो आणि शेवटी वाचक पुरुषांनाच विचारतो, की यांतली कोणती बायको तुम्हाला चालेल? बायकांना तोंड दिले. निवाडा मात्र पुरुषांच्या हाती ठेवला.

खरे उत्तर खाडीपलीकडून, एका स्त्रीच्या लेखणीतून आले. क्रिस्टीन द पिझाँ व्हेनिसमध्ये जन्मली, पॅरिसमध्ये वाढली, पंचविशीच्या सुमारास विधवा झाली आणि पुढे लेखनावर तिने घर चालवले. 'रोमान द ला रोझ'वरून तिने विद्वानांशी पत्रांतून वाद घातला. ही वचने पात्रांची आहेत, कवीची नव्हेत, असा विद्वानांचा बचाव होता. क्रिस्टीनने 1402 मधल्या पत्रात ऐकलेली हकीकत सांगितली: एक संशयी नवरा संताप चढला की तेच पुस्तक आणतो, बायकोपुढे वाचतो आणि वाचता वाचता तिला मारतो. जँकिनच्या शेकोटीपाशी चॉसरने जे कल्पनेने पाहिले, ते ती घडलेले म्हणून सांगत होती. 1405च्या 'स्त्रियांच्या नगरी'त तिने स्त्रीनिंदेने भरलेले एक पुस्तक वाचून स्वतःच्या स्त्रीपणाचीच कशी घृणा वाटली, हे लिहिले आणि मग कर्तबगार स्त्रियांच्या चरित्रांची अख्खी नगरी उभी केली. तिचे इंग्रजी भाषांतर 1521मध्ये लंडनमध्ये छापले गेले.

'गंमत होती, मनावर कशाला घ्यायचे?' हा बचाव तेव्हाही होता, आजही आहे. उपहास मला प्रिय आहे. सत्ताधाऱ्याची, ढोंग्याची रेवडी उडवणे हे साहित्याचे जुने कामच आहे. पण ज्याच्या हाती पुस्तक, कायदा आणि मालमत्ता आहे, त्याने जिच्या हाती यातले काहीच नाही तिच्यावर हसणे, याला मी उपहास म्हणणार नाही. तो दांडगेपणा आहे. जुने काव्य वाचताना, नवा विनोद ऐकताना दोन गोष्टी तपासा: फटका कोणाला बसतो आणि जिला बसतो तिला उत्तर देण्याची पाळी मिळते का. चॉसरने ती अर्धीमुर्धी का होईना, दिली. क्रिस्टीनने कोणी देण्याची वाट न पाहता ती घेतली. म्हणून चॉसर वाचणाऱ्याने क्रिस्टीनही वाचलीच पाहिजे.