शिक्षा भोगून आलेला मनुष्य

तुरुंगाच्या दारांतून दोन माणसें बाहेर येतात. एकासाठीं मोटारी, हार व वाजंत्री. दुसरा पिशवी काखेस मारून एस्. टी.ची वाट पाहतो व गांवांत दिवेलागणीनंतर शिरतो. स्वातंत्र्यासाठीं ज्यांनीं तुरुंग पत्करला त्यांची गोष्ट निराळी. आम्ही बोलतों तें लांच, मारामारी, चोरी अशा अपराधांविषयीं.

कायद्याचें माप निदान आंकड्यांत आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणें दोन वर्षें किंवा अधिक शिक्षा झालेल्यास सुटकेनंतर आणखी सहा वर्षें आमदार वा खासदार म्हणून निवडून येतां येत नाहीं; पुढें मार्ग मोकळा होतो. गांवानें दिलेली शिक्षा मात्र कोणाची सहा दिवसांत संपते, कोणाची पिढ्यान्‌पिढ्या संपत नाहीं. ज्याच्या पाठीशीं भावकी व जमीन, त्याचा अपराध 'विरोधकांचा डाव' ठरतो. उलट पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींस १८७१ सालीं निघालेल्या व पुढें मुंबई इलाख्यासहि लागू झालेल्या कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. सोलापुरास त्यांची तारेच्या कुंपणाची वसाहत होती, आणि कांहीं काळ तिची व्यवस्था मिशनाकडे होती, हें आपण विसरूं नये. १९५२ सालीं तो कायदा देशभर रद्द झाला. तरी आजहि चोरी झाली कीं पहिला संशय पालाकडे वळतो.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें १९३९ सालीं औंध संस्थानानें, मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या गृहस्थाच्या सूचनेवरून, कैद्यांस भिंतीवांचून शेती करीत राहूं दिलें. त्यावरूनच १९५७ सालीं व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट निघाला. तो पाहून किती लोक रडले! त्यांपैकीं किती जणांनीं अशा मनुष्यास आपल्या खळ्यावर राखणीस ठेविलें असेल?

ज्यानें सोसायटीचा पैसा खाल्ला त्याच्या हातीं लागलीच किल्ली द्यावी, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याचें नुकसान झालें त्यास भरून दिलें काय, हें विचारणें योग्यच आहे. पण तो प्रश्न हार घातलेल्यासहि विचारावा.

आमच्याच मंडळींत एक भाऊ बांधाच्या भांडणांतील मारहाणीबद्दल शिक्षा भोगून परत आला. आम्हीं त्याच्यासाठीं प्रार्थना केली, चहा दिला. पूर्वीं दानाची थैली तो फिरवीत असे. पुढच्या रविवारीं ती दुसऱ्याच्या हातीं गेली. त्याचा अपराध पैशांचा नव्हता. तरी कोणीं कांहीं बोललें नाहीं, आम्हींहि नाहीं. तो दाराशीं, वहाणांजवळ बसूं लागला. आम्हांस तें दिसत होतें, आणि उपदेशाचा विषय मात्र क्षमा हा होता.

तीन वर्षांनीं आम्हीं थैली त्याच्या हातीं दिली. त्यानें ती सर्वांपुढून फिरविली, मेजावर आणून ठेविली आणि हळूच म्हणाला, "पाळकसाहेब, मोजायला दुसरा कोणी असूं द्या."