धावपळ आणि धावणे

मराठी भाषेत ‘धावपळ’ आणि ‘धावणे’ हे दोन शब्द एकाच कुळातले. पण त्यांच्या अर्थांत केवढे अंतर! दिघ्यासारख्या वस्तीत राहणाऱ्यांना पहिला शब्द समजावून सांगण्याचे कारण नाही. पूर्वेस पारसिकचा डोंगर, पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ठाणे-बेलापूर रस्ता, कारखाने, लोहमार्ग व दाटीची घरे. १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव स्थानक सुरू झाले. तोवर येथील चाकरमान्यास लोकल पकडण्यासाठी ऐरोली किंवा ठाणे गाठावे लागे. असे असता याच परिसरातील काही माणसे भल्या पहाटे बूट चढवून ऐरोलीच्या बाजूस तिवरांच्या कडेने संथपणे धावताना दिसतात. कोठे पोहोचायचे नसताना हे धावणे कशासाठी?

हा प्रश्न आमचा नव्हे. धुणीभांडी करून संसार चालविणाऱ्या एका मावशींनी तो आम्हांस विचारला होता. “फादर, माझी दिवसभर पायपीट होते. ज्यांना चालावे लागत नाही, तेच ना धावतात?” या प्रश्नात थट्टा होती, तशी व्यथाही होती. म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे.

आपल्या कुटुंबांत एक समजूत खोल रुजलेली आहे: जे कष्टाचे तेच पुण्याचे. प्रायश्चित्तकाळाचे उपवास, गुडघे दुखेपर्यंतची प्रार्थना यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट म्हटले आहे की, सद्गुणाचे सार कठीणपणात नसून चांगुलपणात असते. विरंगुळ्यासही ते सद्गुणांत स्थान देतात आणि त्यासाठी संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. योहान शिष्यांसमवेत खेळत असल्याचे पाहून काहींना ते रुचले नाही. तेव्हा त्याने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्यास बाण सोडावयास सांगितले, पुन्हा सोड, आणखी सोड, असे म्हणत अखेरीस विचारले, “हे असेच अखंड चालेल काय?” तो उत्तरला, “नाही, धनुष्य मोडेल.” मनाचेही तसेच आहे, हे योहानाचे सांगणे.

खाडीकाठचे सोपे धावणे म्हणजे अशी सैल सोडलेली दोरी होय. जाणकार सांगतात की, सोबत्याशी बोलता यावे एवढाच वेग अशा धावण्यास पुरे. धाप लागून शब्द तुटू लागले की वेग कमी करावा. आम्हांस ही खूण फार मोलाची वाटते. धावपळीत वेग दुसरा कोणी ठरवितो, गाडी, भोंगा किंवा मालक. येथे तो आपला श्वास ठरवितो आणि शेजारच्या माणसासाठी त्यात जागा उरते.

मात्र ही वाट सोपी कोणामुळे झाली? तिवराची मुळे चिखलातून वर डोकावून श्वास घेतात, गाळ धरून ठेवतात, भरतीचा जोर अंगावर झेलतात. ठाणे खाडीतील १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे, अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यातील ८९६ हेक्टर कांदळवन आहे. २०२२ मध्ये खाडीस रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला. कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. आणि या कोरड्या नोंदींपलीकडे दिवा-ऐरोलीचे कोळी बांधव आहेत. आपल्या विरंगुळ्याची ही खाडी त्यांचे शेत आहे.

संत ऑगस्टीन यांनी काही वस्तू वापरण्यासाठी असतात आणि काही आनंदासाठी, असा भेद केला. परम आनंद त्यांनी केवळ परमेश्वराच्या ठायी मानला. हे खरे, तरीही आम्ही नम्रपणे म्हणतो की, जे वापरावयाचे ते ओरबाडून वापरावे असा त्याचा अर्थ नव्हे. खाडीकडे केवळ व्यायामाची जागा म्हणून पाहणारा माणूस रिकामी बाटली तिवरात भिरकावील. जो तिला दान मानतो, तो ती बाटली खिशात घालून घरी आणील. सोप्या वाटेचेही एक ऋण असते, ते असे फेडावे लागते.

आता मावशींच्या प्रश्नाकडे वळू. काही जण धावतात हा अन्याय नव्हे; काहींना थांबताच येत नाही हा अन्याय होय. शब्बाथाची आज्ञा पुन्हा वाचून पाहा. विश्रांती तेथे घरधन्यापुरती नाही. दास, दासी, परका, एवढेच नव्हे तर गुरेढोरेही तीत नावानिशी आली आहेत. विश्रांती ही मिरास नसून सर्वांचा वाटा आहे, हे त्या आज्ञेचे मर्म.

तेव्हा वाचकहो, सकाळी अवश्य धावा, शरीर ही परमेश्वराची ठेव आहे. परंतु घरी परतल्यावर स्वतःस एक प्रश्न विचारा: आपल्याकडे काम करणाऱ्या बाईस आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी आहे काय? नसेल, तर येत्या रविवारपासून ती द्या. मावशी त्या दिवशी खाडीवर जातील की घरी निवांत पडून राहतील, हे त्यांचे त्या ठरवितील.