आरपार मासा

नातवाने वाढदिवसाला माशांची टाकी मागितली आणि त्याच्या मामाने ती बेळगावातून आणून दिलीसुद्धा. आत एकच मासा. "दुर्मिळ आहे," असं दुकानदार म्हणाला म्हणे. अंगातून पलीकडचं पान दिसतं, पाठीचा कणा मोजता येतो, पोटातलं सगळं डोक्यामागे चांदीच्या पुरचुंडीत बांधलेलं. तोंडाशी दोन लांब मिशा.

नाव शोधताना गंमत कळली. हा मासा वर्षानुवर्षं दुसऱ्याच जातीच्या नावाने विकला गेला. ती जात याहून मोठी, आणि इतकी आरपारही नाही. 2013 साली इंग आणि कोटेला या अभ्यासकांनी याला स्वतःचं नाव दिलं, क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस. राहणारा थायलंडच्या नद्यांतला. घराघरांत पोचला, पण हा कोण ते कुणी विचारलंच नाही. (सुनांचंही असंच होतं कधी कधी!)

मग खरी अडचण. तो खाईना. पानाआड अंग चोरून उभा. हा कळपातला जीव, निदान सहा तरी लागतात, एकटा झुरतो. मेला की दुधासारखा पांढरा पडतो, म्हणून रोज उठल्यावर मी आधी त्याचा रंग बघायची. खाणं काय, तर पाण्यातले किडे, अळ्या. कोरडं खाद्य आणलं, तर त्यातही मासळीची भुकटी. पाणी गाळून पिणारं घर आमचं!

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेत. पहिला बंध, शेवटचा अन्नपाननिरोध. टाकीत ठेवला तर पहिला लागतो, उपाशी ठेवला तर शेवटचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तलावात सोडून द्या की." परमुलखातला मासा इथल्या पाण्यात सोडणं ही दया कसली? तो तरी मरेल, नाहीतर इथल्यांच्या जिवावर जगेल. दुकानात परत दिला तर तो दुसऱ्या घरी एकटाच झुरेल, एवढंच.

शेवटी मी आणखी पाच मासे आणवले. हो, विकत. पकडणाऱ्याचा धंदा त्याने वाढला, हे मला कळतं. बरोबर केलं असं छातीठोक सांगणार नाही. हे सहा जगतील तोवर जगतील, पुढे एकही आणायचा नाही, एवढं नातवाकडून कबूल करून घेतलंय.

आता सहाही एकाच दिशेला तोंड करून तरंगतात. खाणं कोरडंच, आणि सूर्यास्ताआधी. सासूबाई मात्र टाकीकडे पाठ करून जपाला बसतात.